व्यायाम चालू, तरी अंग भरत नाही? वरणाची वाटी मोजू नका, कुकरातली डाळ मोजा

दिवाळी झाली की आमच्या मैदानावर हीच तक्रार पुन्हा येते. पोरगं जूनपासून पहाटे पाचला उठतंय, गावाबाहेरच्या रस्त्यावर पळतंय, दंड-बैठका मारतंय. पाच महिन्यांनी बनियन काढून उभं राहिलं की खांदे होते तसेच काटकुळे, आणि बेंबीभोवतीची वळी जागच्या जागी. मग सराव संपल्यावर हळूच बाजूला येऊन विचारतं, "सर, पयतो तं रोज, पन अंगावर मास काई चढत नाई. कोन्ती पावडर घेऊ, तेवढं सांगा."

मी विदर्भात, यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा सराव घेतो. सात वर्षं झाली. हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो, एकाच मुलाला वर्षात दोनदाही येतो, म्हणून आमच्याकडे तो कसा शोधतो आणि कसा सोडवतो ते सविस्तर लिहून ठेवतोय. प्रश्न दिसण्याचा नाही. मुलांच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण १६०० मीटर धावण्याला, १५ शंभर मीटरला आणि १५ गोळाफेकीला आहेत. ७.२६० किलोचा गोळा नुसत्या दमावर लांब जात नाही, त्याला मांडी, पाठ आणि खांदा लागतो.

आधी बिघाड कुठे आहे ते पाहा

वजनकाटा एकटा काही सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे अंगकाठी बारीक असूनही स्नायू कमी आणि पोटाकडे चरबी जास्त, असं शरीर फार आढळतं. आमच्या मैदानावरची निम्मी पोरं याच घडणीची आहेत. त्यांना 'वजन वाढव' म्हटलं की कंबर वाढते, आणि 'वजन कमी कर' म्हटलं की दंड आटतात.

म्हणून चार आकडे वहीत लिहा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन. शिंप्याच्या फितीने बेंबीवर कंबर, श्वास सोडून, फीत न आवळता. उजव्या दंडाचा घेर. आणि गोळा किती मीटर गेला, किंवा सलग जोर किती निघाले. दर पंधरा दिवसांनी, एकाच वेळी, एकाच फितीने मोजा. चरबीचा टक्का दाखवणाऱ्या काट्यांच्या नादी लागू नका. अंगात पाणी कमी-जास्त झालं की त्यांचा आकडा हलतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात एका सकाळच्या सरावात दीड किलो घाम सहज जातो. तो दीड किलो म्हणजे चरबी नव्हे, दुपारपर्यंत पाणी पिऊन परत येतो.

दोन महिन्यांची वही समोर ठेवली की बिघाड तीनपैकी एक निघतो. वजन उतरतंय आणि दंडही उतरतोय, तर एकूण जेवणच कमी पडतंय आणि त्यात प्रोटीन तर फारच कमी. वजन वाढतंय पण वाढ सगळी कंबरेत आहे, तर खाणं वाढलंय ते साखरेचं आणि तेलाचं, किंवा कुठली तरी गोळी सुरू आहे. तिच्याबद्दल खाली लिहिलंय. सगळे आकडे जागच्या जागी आहेत, तर बहुतेक वेळा नुसतं पळणं चाललंय, ओझं उचलणं नाही.

हे तिसरं आधी निकालात काढा, कारण ते फुकट दुरुस्त होतं. प्रोटीन ही वीट आहे. गवंडी म्हणजे ताकदीचा व्यायाम. आठवड्यात तीन दिवस जोर, बैठका, झाडाच्या फांदीला लटकून ओढणं, खताच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरून ते खांद्यावर घेऊन चढण चढणं. शेवटचे दोन-तीन जोर निघता निघत नाहीत इतकं ओझं हवं, आणि दर पंधरवड्याला ते वाढायला हवं. रोज दहा किलोमीटर पळून खांदे भरणार नाहीत.

मोजणीत चूक होते ती इथे

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा होता, वजन ६० किलो. पाच महिने एक दिवस चुकला नाही, तरी दंडाचा घेर सूतभर हलला नाही. खातोस काय म्हटलं तर सांगायचा, "वरन-भात, भाकर, भाजी. वरन तं दोनी टाइम राह्यते नं सर." त्याच्या हिशेबात दोन वेळचं वरण म्हणजे प्रोटीनचा प्रश्न मिटला. मी एक दिवस त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या आईला विचारलं, वहिनी, कुकरात डाळ किती टाकता? त्या म्हणाल्या, "एक वाटी टाकतो भाऊ. सा मानसं हाये घरात. मंग पानी वाढवतो."

ती वाटी आम्ही किराणा दुकानाच्या काट्यावर मोजली. दीडशे ग्रॅम भरली. सहा माणसांत माणशी २५ ग्रॅम कोरडी डाळ. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे त्याच्या ताटातल्या भरल्या वाटीत जेमतेम साडेपाच ग्रॅम. दोन वेळचे मिळून ११. वाटी मोठी होती, वरण पिवळंधमक होतं, वर फोडणीही छान होती, पण वाटीत बहुतेक पाणीच होतं.

त्याचा दिवसभराचा हिशेब तिथेच अंगणात बसून केला. पाच भाकरी, एकीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर ज्वारीचं ३०० ग्रॅम, त्यातून ३० ग्रॅम प्रोटीन. १०० ग्रॅम तांदळाचे ८. डाळीचे ११. चहातलं दूध, भाजी वगैरे मिळून ३. एकूण ५२. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार साध्या, व्यायाम न करणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५०. आमचा पोरगा सकाळ-संध्याकाळ घाम गाळून पारावर बसणाऱ्याच्या गरजेइतकंच खात होता.

शिवाय त्या ५२ पैकी ३८ ग्रॅम धान्यातून आलेले. ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी असतो, आणि तिचं प्रोटीन शिजल्यावर आणखी जड पचतं. डाळीत लायसिन भरपूर असतं, म्हणून भाकरीसोबत डाळ ही जोडी आपल्या आज्यांनी बरोबर जमवली होती. पण जोडी जमायला डाळ दिसण्यापुरती नको, पुरेशी हवी.

मग व्यायाम करणाऱ्याला किती लागतं? ताकदीच्या व्यायामावरच्या ४९ प्रयोगांचा, १८६३ माणसांचा एकत्र हिशेब २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत स्नायूंना फायदा दिसतो, त्यापुढे वाढवून सरासरीने काही मिळत नाही. आमच्या ६० किलोच्या मुलाला म्हणजे ९६ ग्रॅम. पोटात जात होतं ५२. तूट ४४ ग्रॅमची, रोजची, पाच महिन्यांची.

त्याच हिशेबातली एक गोष्ट पावडर विकणारे सांगत नाहीत. वरून प्रोटीन घेतल्याने त्या लोकांत चरबी सोडून अंगाची जी जास्तीची वाढ झाली, ती सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास होती. मुख्य काम व्यायामानेच केलं. पण ते लोक मुळात आपल्या पोरांपेक्षा बरंच जास्त प्रोटीन खाणारे होते. ज्याचं भांडं अर्धं रिकामं आहे, त्याला भरण्याचा उपयोग जास्त.

तूट भरायची कशी

त्या मुलाची तूट आम्ही अशी भरली: ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या, त्यातून २६ ग्रॅम. दोन अंडी, १२. एक मोठा पेला दूध, ८. झाले ४६. अंडी न खाणाऱ्याने त्याऐवजी ५० ग्रॅम फुटाणे खावेत, १० ग्रॅम मिळतात. मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे), म्हणजे ३० ग्रॅम, घेतले तर सात. पण त्यात तेल निम्म्याच्या आसपास असतं, म्हणून कंबर वाढणाऱ्याने मूठ लहान ठेवावी. ज्याचं वजन उतरतंय त्याने मोठी ठेवावी, त्याला तेलाचीही गरज आहे.

इथे दोन चुका हटकून होतात. भिजवलेले चणे मोजून '५० ग्रॅम खाल्ले' म्हणतात. भिजल्यावर चण्याचं वजन दुप्पट होतं, म्हणजे खरे चणे २५ ग्रॅम आणि प्रोटीन पाच. कोरडे असताना मोजा. दुसरं, अंड्यातला पिवळा बलक फेकतात. प्रोटीनचा चाळीसेक टक्के भाग त्या बलकात असतो, वर जीवनसत्त्वंही. निरोगी पोराने दोन अंड्यांचा बलक फेकायचं काही कारण नाही. गावरान अंडं लहान असतं, त्यात पाचच ग्रॅम धरा.

सोयाबीन वडीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या भागाला ती जितकी परवडते तितकं दुसरं काही नाही. सोयाबीनचं तेल काढल्यावर उरलेल्या पिठाची ती वडी, म्हणून तिच्यात १०० ग्रॅमला ५० ग्रॅमहून जास्त प्रोटीन. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा, दोनदा पिळा, मग पाटोडीच्या रश्श्यासारख्या झणझणीत रश्श्यात टाका. वास राहत नाही. पहिल्या आठवड्यात २० ग्रॅमपासून सुरुवात करा, नाहीतर पोट फुगतं आणि पोरगं चौथ्या दिवशी सोडून देतं. घरचं सोयाबीन खायचं असेल तर कच्चं किंवा नुसतं भिजवून अजिबात नको. कच्च्या दाण्यात प्रोटीनचं पचन अडवणारा घटक असतो, तो नीट उष्णतेनेच मोडतो. रात्रभर भिजवून कुकरमध्ये मऊ शिजवा. 'सोयाबीन खाल्लं की मर्दानी ताकद जाते' हे पोरं एकमेकांना सांगतात. पुरुषांवर झालेल्या प्रयोगांत सोयाबीनने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी झाल्याचं दिसलेलं नाही.

रोज वडी कोण खाईल? म्हणून फिरवत राहा. चून, म्हणजे पिठलं, दाट करा. ५० ग्रॅम बेसनात ११ ग्रॅम. गोळाभात, मुंगवड्यांची भाजी, बरबटीची (चवळीची) उसळ, पोह्यांवर तर्री घेताना चणे जास्त आणि शेव कमी. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींना तलावातली मासळी आहे, १०० ग्रॅमला १८ ते २० ग्रॅम, याहून चांगलं काय हवं! लाखोळीची डाळ मात्र रोजची मुख्य डाळ करू नका. तिच्यात प्रोटीन भरपूर आहे हे खरं, पण तिचाच मारा महिनोन्‌महिने केला तर पायांचा लुळेपणा येऊ शकतो. पळणाऱ्या पोराने तो धोका का घ्यावा?

दिवसभरात वाटून खा. आमची पोरं पहाटे चहा-टोस्टवर येतात, सरावानंतर पुन्हा चहा, आणि पहिला खरा घास अकराला. सकाळच्या सरावानंतर अंडी-दूध किंवा फुटाणे-दूध, दुपारी घट्ट वरण-भाकर, सायंकाळी मूठभर काहीतरी, रात्री वडीचा रस्सा. दर वेळी वीसेक ग्रॅम पडले तर उत्तम. नाही जमलं तरी दिवसाची बेरीज महत्त्वाची, घड्याळ नाही.

आता एक गोष्ट जीव तोडून सांगतो. हे वाचून एखादा पोरगा कुकर उघडल्या उघडल्या तळचं घट्ट वरण स्वतःला काढून घेईल. तसं करू नका. मग ज्या पाण्यात दाणा उरलेला नसतो ते शेवटी आईच्या ताटात जातं, आणि ती दिवसभर वेचणी करून आलेली असते. डाळ कुकरात वाढवा. वरचा हिशेब केला तर सहा माणसांच्या घरात प्रत्येकाची डाळ दुप्पट करायला रोज ३०० ग्रॅम जास्त लागते, वर्षाला ११० किलो. त्यासाठी तूर लागेल साधारण दीड क्विंटल. आपण तूर पिकवणारी माणसं. सगळी पोती बाजार समितीत नेण्याआधी एवढी घरात राहू द्या. त्या वहिनींनी तेच केलं. वाटीच्या जागी दोन वाट्या झाल्या, आणि तीन महिन्यांत त्या पोराच्या दंडाचा घेर दीड सेंटिमीटर वाढला, कंबर होती तेवढीच राहिली.

पोट कमी करायचं असेल तर

कंबर वाढलेल्यांनी जेवण तोडताना प्रोटीन तोडू नये, उलट वाढवावं. कॅनडात झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी उष्मांक दिले आणि कठोर व्यायाम करून घेतला. दर किलोमागे १.२ ग्रॅम प्रोटीन खाणाऱ्यांची चरबी ३.५ किलो घटली, २.४ ग्रॅम खाणाऱ्यांची ४.८ किलो, आणि दुसऱ्या गटाचं स्नायूंचं वजन इतकं कमी खाऊनसुद्धा किलोभराहून जास्त वाढलं. इतकी कडक कपात आपल्या पोरांनी करायची नाही. आमच्याकडे साखरेचा चहा दिवसातून एक, भात अर्धा, तळण बंद, डाळ-वडी तशीच, एवढ्यावर महिन्याला कंबर दोन सेंटिमीटर उतरलेली पाहिली आहे.

ती गोळी

'आठ दिवसांत अंग भरते' म्हणून सुटी गोळी देणारे भेटतात. पाकिटावरचं नाव वाचा. सायप्रोहेप्टाडिन असेल तर ती भूक आणि झोप वाढवते. डेक्सामिथाझोन किंवा बीटामिथाझोन असेल तर ते स्टेरॉइड आहे, आणि ते स्नायू बांधणारं नव्हे, मोडणारं. तोंड गोल होतं, पोट वाढतं, हातपाय बारीक होतात. पोराला वाटतं गाल भरले म्हणजे तब्येत झाली. कोणी काही आठवडे घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, त्याने जिवावर बेतू शकतं. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा, कमी कशी करायची ते तेच सांगतील.

पावडरीबद्दल मला रोज विचारतात. दूध, अंडी, डाळ मोजून खाऊनही तूट उरत असेल तर चांगली व्हे पावडर, म्हणजे पनीर करताना उरणाऱ्या दुधाच्या निवळीची पावडर, हे अन्नच आहे, विष नाही. पण राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत पावडरी टाळायलाच सांगितलं आहे, आणि गावात मिळणारा डबा खरा की नकली हे ओळखायचं साधन आपल्याकडे नाही. वजन वाढवणाऱ्या पावडरीच्या डब्यावर तर बहुतेक वेळा प्रोटीनपेक्षा साखर आणि पिष्टाचा आकडाच मोठा असतो. किंमत भागिले प्रोटीनचे ग्रॅम, एवढा भागाकार दुकानातच करा.

बरं झालेलं पुन्हा का बिघडतं

याचं उत्तर पंचांगात आणि शेतात आहे. श्रावणात आणि नवरात्रात उपवास, आणि उपवास म्हणजे साबुदाणा. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतं. उपवास जरूर करा, फक्त ताटात भगर, राजगिरा, फल्लीदाण्याची आमटी, दही, दूध घ्या. मग सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी. पोरगं दिवसभर शेतात, शिदोरीत भाकर-ठेचा, संध्याकाळी पुन्हा मैदान. या दोन महिन्यांत वजन उतरणारच, म्हणून आम्ही पळण्याचं अंतर निम्मं करतो, ताकदीचे दिवस तीनाचे दोन करतो आणि शिदोरीत फुटाण्याची पुडी सक्तीची ठेवतो. पिकाचा पैसा हातात येईपर्यंत अंडी बंद होतात, तेव्हा डाळ आणि वडी टिकवा. उन्हाळ्यात भूकच मरते. तेव्हा ताकावर भागवू नका, त्यात पाणीच जास्त. दही खा, सातू प्या, आणि मुख्य जेवण सूर्य बुडाल्यावर करा.

हे सगळं करूनही दोन महिन्यांत वही हलली नाही, तर प्रश्न ताटाचा नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटतं वजन असेल तर क्षयरोगाची तपासणी आधी, सराव नंतर. मुलींचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर दम लागण्याचं कारण तेच असू शकतं. आपल्या पूर्व भागात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. सांधे दुखणं, डोळे पिवळे होणं, वारंवार थकवा असं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासल्याशिवाय उन्हात जोराचा सराव करू नका, पाणी तोडू नका. मूत्रपिंड निरोगी असताना या प्रमाणातल्या प्रोटीनने ते बिघडल्याचं दिसत नाही. पण ज्याला आधीच त्रास आहे, साखर किंवा रक्तदाब आहे, किंवा जो खारपाणपट्ट्यातल्या (अकोला-अमरावती-बुलढाण्याकडच्या खाऱ्या पाण्याच्या भागातल्या) अशा घरातला आहे जिथे कोणाला मूत्रपिंडाचा आजार होता, त्याने रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) तपासून, डॉक्टरांना विचारूनच डाळ-वडी वाढवावी. रिपोर्ट वहीतच चिकटवा. पुढच्या वर्षी तीच तक्रार घेऊन आलात तर मी आधी ती वही मागणार आहे.